एका टायमाला एकच सूर

माझ्याकडं एक जुना सिंथेसायझर आहे. दिसायला लहान पेटीसारखा, पण दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी वाजते एकच. आत सतार, बासरी, व्हायोलिन असले साठवून ठेवलेले आवाज नाहीत. आतली वीज थरथरते, त्या थरथरीचाच सूर होतो, आणि नॉब फिरवून तो जाड करायचा की बारीक, उजळ की अंधारा, हे आपण ठरवायचं. पुण्याच्या एका मुलानं वापरून विकायला काढला होता, तो मी जाऊन घेऊन आलो. बायको म्हणाली, आधीच त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तिचं खरं होतं.

ती खोली म्हणजे सिडकोतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली. लग्नाच्या पंगतीत एकाला बसायला मिळते तेवढी जागा. त्यात टेबल, कॉम्प्युटर, एक माइक, आणि माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारा एक डबा, ज्याला इंटरफेस म्हणतात. भिंती घुमू नयेत म्हणून मी आईच्या हातच्या वाकळा टांगल्या आहेत. स्टुडिओवाले त्यासाठी फोम लावतात. वाकळ फोमपेक्षा चांगली, हे मी अनुभवानं सांगतो.

मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स आहे. आमच्या घरातला पहिला, आणि गंगापूरकडच्या आमच्या गावात आमच्या आळीतलाही पहिलाच. हे मी सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या डिग्र्या आहेत त्यांना त्यात विशेष वाटत नसेल, तर नसू दे. वाळूजच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या मशीन तपासतो. घरी आल्यावर हे माझं मशीन.

ते लावताना पहिल्यांदा नुसतं घूं घूं यायचं. केबल बदलल्या, प्लग बदलले, घूं काही जाईना. शेवटी लक्षात आलं की बिल्डिंगच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यानं कोरडा पडला आहे. मी खाली जाऊन त्यात मीठ टाकलं आणि बादल्या बादल्या पाणी ओतलं. वॉचमनला वाटलं, साहेबांनी झाड लावलंय. वर येऊन बघतो तर घूं जवळजवळ गेलेलं. त्या दिवशी मला डिग्री मिळाली होती तेव्हासारखंच वाटलं.

दुसरी अडचण म्हणजे या मशीनला आठवण नाही. आज नॉब फिरवून सापडलेला आवाज उद्या सापडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक नॉबच्या कडेला, जिथं ती थांबवायची तिथं, मी बायकोच्या टिकल्या चिकटवल्या. तिसरी अडचण मोठी होती आणि तिच्यावर इलाज नव्हता. खोली तापली की सूर हलतो. माझ्या मशीनचा खाली उतरतो, आणि इतक्या सावकाश उतरतो की कानाला पत्ता लागत नाही. म्हणून मी नियम केला होता: एकदोन टेक झाले की थांबायचं, सूर मोजणारा ट्यूनर लावायचा, नॉब केसभर फिरवून सूर जागेवर आणायचा.

हे सगळं जुळवत असतानाच दादा आमच्याकडं राहायला आला.

दादा माझा थोरला भाऊ. गावाकडं असतो, काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याचा कान दुखत होता, घास गिळताना अडकत होता. गावातल्या डॉक्टरनं कानाचे थेंब दिले, मग पुन्हा थेंब दिले, तोवर मानेला गाठ हाताला लागायला लागली. तंबाखू तो पोरवयापासून खायचा. शहरातल्या दवाखान्यात दुर्बीण घालून बघितलं आणि तुकडा तपासायला पाठवला. मग डॉक्टरांनी आम्हाला आत बसवून सांगितलं की गाठ गिळायच्या वाटेवर आहे, स्वरयंत्राला चिकटून. काढायची तर स्वरयंत्रासकट काढावी लागेल. श्वास पुढं मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा. वहिनीनं विचारलं, मग बोलायचं कसं? डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की बोलायच्या काही वेगळ्या तऱ्हा असतात, शिकवता येतात. चांगले होते ते, घाई केली नाही. दादा ऐकून घेत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "चाल, चहा पिऊ."

दादा कोरसवाला. आमच्या भागात जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला, लग्नात गायन पार्टी असते. मधोमध मुख्य गायक, त्याच्या शेजारी पेटी, ढोलकी, बँजो, आणि मागं कोरस. गायकानं ओळ टाकायची, कोरसनं उचलायची. दादा जवान होता तेव्हापासून कोरसमध्ये बसला आणि कधी पुढं आला नाही. पुढं येण्यासारखा आवाज होता, असं पुष्कळ जण म्हणायचे. पण त्याला त्याचं काही नसायचं. कोरसचा कायदा मात्र तो फार अभिमानानं सांगायचा. गायक नेईल तिकडं जायचं. गायकाचा सूर घसरला तर कोरसनं आपला खरा सूर धरून बसायचं नाही, त्यानं गायकाची इज्जत जाते. त्याच्याबरोबर घसरायचं, म्हणजे समोर बसलेल्यांना वाटतं की सगळं ठीक आहे. हे दादाच्या इतकं अंगात मुरलं होतं, की घरात कुणी बेसूर गुणगुणलं तरी तो नकळत तितकाच बेसूर होऊन मागून जोड द्यायचा.

आमच्याकडं असताना दिवसभर त्याला काम नसे. मी कंपनीतून आलो की तो माझ्या खोलीत येऊन बसायचा. सिंथेसायझरची त्यानं आधी थट्टा केली.

"येवढ्या पट्ट्या आन् एका टायमाला एकच वाजती? मंग बाकीच्या काय शोभंला ठिवल्यात?"

मी त्याला सांगायला लागलो की हे मुद्दाम असतं, जुन्या बनावटीत असंच असायचं. त्यानं हात वर केला.

"राहू दे रं सायेब. कळलं. मह्यासारखंच हाय ते. एक गळा, एक सूर."

त्याच्या गाण्याचा विषय नंतर मीच काढला. दादाचं स्वतःचं एक गाणं होतं. त्यानंच रचलेलं, त्यानंच चाल लावलेली. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, त्यावरचं. 'खडी फोडली मायनं, पाटी आणली शाळंची.' ती पाटी माझी. दादा तोवर दहावी नापास होऊन जीपच्या मागं लटकायला लागला होता, आणि त्यावर हसून सांगायचा की घरात एकच पाटी होती, ती बारक्याला पोचली. पार्टीच्या गायकानं ते गाणं कधी घेतलं नाही. तो त्याचीच गाणी गायचा, पार्टी त्याची होती. पुढं तो वारला आणि पार्टी पांगली. ते गाणं दादाच्या आवाजात कुठंच नव्हतं. साध्या मोबाइलवरसुद्धा नाही.

मी म्हणालो, आपण ते रेकॉर्ड करू. दादानं पहिल्यांदा टाळलं. मग म्हणाला, पार्टीतल्या पेटीवाल्या मामाला बोलव, कोरसला दोघं बोलव, रीतसर करू. तसं ठरलंही. पण ऑपरेशनची तारीख अलीकडं आली, आणि मामा तेव्हा वैजापूरला लेकीकडं अडकलेले. मी दादाला म्हणालो, आता नुसता गळा घेऊ. सूर माझं मशीन देईल. पेटी आणि कोरस नंतर त्यावर चढवता येतो, तीच तर या कामातली सोय आहे.

मे महिना होता. दुपारची वेळ. कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून कूलर बंद केला, रस्त्याचा येतो म्हणून खिडकी लावली. दादा बनियनवर, कानाला हेडफोन. कॉम्प्युटरमधून ढोलकीचा ठेका, आणि केबलमधून मशीनला हुकूम, म्हणजे मशीन त्याच वेळी वाजत राहणार, दादा त्याच वेळी गाणार, दोन्ही शेजारी शेजारी नोंदलं जाणार. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर, सूर लावला. ट्यूनरवर नीट तपासला.

सुरुवातीचे टेक बरे आले नाहीत. त्याला पुढं गायची सवयच नव्हती. ओळ सुरू करायच्या आधी तो एक क्षण थांबायचा, जणू कुणीतरी आधी टाकेल आणि मग आपण उचलायची. शिवाय अंतऱ्यात एक जागा वर जाते, तिथं आवाज फाटत होता. गाठ तिथंच कुठंतरी होती. तो थुंकायला जायचा, पाणी प्यायचा, परत यायचा. मी म्हणालो, वरची जागा सोडून देऊ. नाही म्हणाला.

मग हळूहळू तो रंगात आला. थांबणं गेलं. एकामागून एक टेक चालले. माझा तो ट्यूनरचा नियम होता, पण तो असा गात असताना मध्ये हात घालायची मला इच्छा झाली नाही. मी पडद्यावरच्या रेघांकडं बघत बसलो, आवाज फार मोठा जात नाही ना, एवढंच. शेवटच्या टेकला तो अंतऱ्यात वर गेला आणि आवाज फाटला नाही. वर जाऊन उभा राहिला, आईचं नाव घेतल्यासारखा, आणि खाली आला. हेडफोन काढून घाम पुसत म्हणाला,

"आज गळा मोकळा लागला, बारक्या. गेलो का नाय वर?"

मी म्हणालो, गेलास. वहिनी दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

ऑपरेशन झालं. त्यानंतरचं फार लिहीत नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं, म्हणजे हातानं, आणि मोबाइलवर एक एक अक्षर दाबून लिहिलं: गाणं पुसू नको. मी म्हणालो, पुसत नाही.

पण ते उघडायची छाती मला बरेच दिवस झाली नाही. दिवाळी होऊन गेल्यावर पेटीवाले मामा एसटीनं आले, मांडीवर पेटी घेऊन. वय झालंय, पण बोटं शाबूत. दादा त्या दिवशी गावाकडंच होता. मी तो शेवटचा टेक लावला. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि पेटीवर हात ठेवला. मग हात काढला. पुन्हा ठेवला.

"काळी दोन म्हणतूस, पर काळी दोन लागत नाय. तिच्या खालची पांढरी दोनबी नाय. मधीच कुठंतरी हाय ह्ये." पुन्हा एक पट्टी दाबून बघत म्हणाले, "शेवटच्या टायमाला सूर सोडला की रं तुह्या दादानं."

मला राग आला. दादाला काहीही म्हणा, जीप वेगानं चालवतो म्हणा, तंबाखू सोडली नाही म्हणा, पण सूर सोडला असं त्याला कुणी म्हणालेलं नव्हतं. मी पहिला टेक लावला. पेटी बरोबर बसली. तिसरा लावला, जरा खाली. मग शेवटच्या टेकमधला दादाचा आवाज बंद करून नुसतं मशीन ऐकवलं. तेही तितकंच खाली. मग दोन्ही एकत्र. केसाइतकाही फरक नव्हता. बंद खोलीत तापून मशीन उतरत गेलं होतं, जवळजवळ एक पट्टी, आणि दादा त्याच्याबरोबर उतरत गेला होता. त्या तीनचार मिनिटांच्या गाण्यातही शेवट सुरुवातीपेक्षा थोडा खालीच होता, आणि दादा तिथंही त्याच्या सोबत.

म्हणजे वरची जागा त्याला लागली, ती वर राहिलीच नव्हती म्हणून. आणि त्याचा गळा त्या दिवशी मोकळा नव्हता.

मामा पेटीवरचा हात तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "शेवटपत्तोर कोरसवालाच राहिला."

चहा आला, तो तसाच राहिला. दवाखान्यात मामा भेटायला गेले होते तेव्हा दादानं त्यांनाही मोबाइलवर लिहून दाखवलं होतं, की अंतऱ्यात वर गेलो. मामा म्हणाले, त्याला ह्यातलं सांगायचं नाही, तूबी नाही आन् मीबी नाही. मग त्यांनी विचारलं की कॉम्प्युटरवर आवाज चढवता येतो म्हणतात, तो चढव ना पट्टीभर, मी पेटी वाजवतो.

चढवता येतो. मी चढवून बघितला. चढवल्यावर पेटी बसली, सगळं शुद्ध झालं, आणि गाणारा माणूस दुसराच कुणीतरी झाला. बारीक, तरणा, तब्येतीनं चांगला. शिवाय त्या वरच्या जागेवर त्याचा गळा पोचलाच नव्हता, तो मी पोचवून दिला असता. दादाची फजिती मला लपवायची होती, पण अशी नाही. मी चढवलेलं रद्द केलं.

मामांनी पेटीचा भाता बांधून टाकला. म्हणाले, पेटी असल्या मधल्या सुरात वाजत नाही, तिचा इलाज नाही. पण गळा वाजतो. कोरसला सूर कुठला, काळी का पांढरी, हे विचारायचं कारण नाही. गायक नेईल तिकडं.

म्हणून मग पुढच्या महिन्यात मामा आणि पार्टीतले कोरसचे दोघं जुने गडी माझ्या खोलीत आले. दादाही वहिनीबरोबर आला. कोरस चढणार म्हटल्यावर त्यानं गावाकडं राहणं शक्यच नव्हतं. गळ्याला पांढऱ्या जाळीचा रुमाल, अंग निम्मं झालेलं. त्याला बघून गड्यांतला एक म्हणाला, "आता तू पुढं आन् आमी मागं व्हय? लई मोठा झालास." दादा हसला. आवाजाविना हसताना त्याचे खांदे हालतात.

तिघांना एका माइकसमोर उभं केलं. दादाला मी खुर्ची दिली, भिंतीला, वाकळीखाली. गाणं लावलं. दादाचा आवाज सगळ्यांच्या हेडफोनमध्ये आला, दादाच्याही. ओळ पडली आणि तिघांनी उचलली. मामांनी त्या दोघांना आधी काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. दादा उतरेल तसे ते उतरत गेले. तिघांतल्या कुणाचाही सूर वेगळा पडला नाही. आयुष्यभर ज्यांच्या ओळीत बसला, ते आज त्याच्यामागं चालले होते, आणि तो ज्याच्यामागं चालला होता ते माझं मशीन होतं.

अंतरा संपला आणि कोरसची जागा आली. मी पडद्याकडं बघत होतो. एकदम एक फुसकारा आला, जोराचा, ओला. वळून बघितलं तर दादाचं तोंड उघडं होतं. हात मांडीवर ठेका धरून. कोरसच्या जागेवर तो आपसूक आत शिरला होता, आणि सगळी हवा गळ्याच्या भोकातून बाहेर पडत होती. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. गाणारे तिघं गात राहिले. कोरस थांबत नाही.

संपल्यावर मी परत लावून ऐकवलं. तो फुसकारा कोरसच्या मधोमध बसला होता. दादानं ऐकला. त्याला आधी कळलं नाही कसला आवाज आहे ते. मग कळलं. त्यानं दोन बोटांची कात्री करून दाखवली.

मी म्हणालो, "नाही कापता येत दादा. एकाच माइकमध्ये आलंय. राहू दे."

गडी म्हणाले, राहू दे की. मामाही म्हणाले, काय बिघडतंय. दादानं नाही म्हणून मान हलवली. छातीवर बोट ठेवलं, मग दाराकडं दाखवलं. मग माइककडं दाखवून बोट गोल फिरवलं: पुन्हा. हेडफोन काढून त्यानं टेबलावर ठेवला, रुमाल नीट केला, बाहेर गेला, आणि आवाज होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.

आम्ही पुन्हा केलं. स्वच्छ आलं. मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, झालं, बोलव त्याला.

बाहेरच्या खोलीत तो नव्हता. वहिनी लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "खाली गेले. म्हणले, वर बसलो तर..." आणि तिथंच थांबली. तो काही म्हणालेला नव्हता. तिनं सालं गोळा करून मुठीत धरली.

मी जिना उतरलो. तो पार्किंगमध्ये एका स्कूटरला टेकून उभा होता, पाठ माझ्याकडं. मी म्हणालो, "दादा, झालं. चल वर." त्यानं वळून बघितलं नाही. नुसता पंजा वर केला, थांब जरा. मी शेवटच्या पायरीवर बसलो.